पान्यावर उभं राहून नट आवळणाऱ्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे ताम्हिणीच्या धबधब्यांचे जुनेच व्हिडिओ, आणि दुसरी म्हणजे गाडीची काळजी कशी घ्यावी याचे फतवे. यंदाचा फतवा ‘निवृत्त आरटीओ अधिकाऱ्यांचा अनुभव’ म्हणून फिरतोय. (हे अधिकारी नेहमी निवृत्तच का असतात, आणि त्यांना नाव का नसतं, हे मला कधी कळलेलं नाही.) मथळा आहे, ‘घाटात चाक निखळू नये म्हणून सहा नियम’. तुमच्यापर्यंत पोचला नसेल तर थोडक्यात सांगते. एक, नट जितके घट्ट तितकं चाक सुरक्षित, म्हणून पान्यावर उभं राहून आवळा, जमल्यास पाइप घाला. दोन, पावसात गंजू नयेत म्हणून आट्यांना इंजिन ऑइल लावा. तीन, एकही विसरायला नको म्हणून ओळीने गोल फिरत आवळा. चार, टायरवाल्याने गनने आवळलं असेल तर पुन्हा बघायची गरज नाही. पाच, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. सहा, एखादा तुटलाच तर घाबरू नका, उरलेले पुरतात.

एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या मामांनी पहिले दोन नियम एकाच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अमलात आणले आणि पुढच्या चाकाचा एक स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) नटासकट तुटून पडला. मामा मडगार्डवर आपटले, कोपर सोलवटलं. मी भोसरीत नट-बोल्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, बोल्ट ताणून तोडून बघणं हाच माझा धंदा. तरी मामांनी विचारलं कुणाला, तर ग्रुपला. फोनवर म्हणाले, “अगं, एवढ्या लोकांनी पाठवलंय, चुकीचं कसं असेल?”

तर पहिला आणि दुसरा नियम एकत्रच घेते, कारण खरा घात या जोडीनेच होतो.

नट आवळतो तेव्हा आपण स्टडला किंचित ताणत असतो. किंचित म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ताणलेला स्टड परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाक हबवर, म्हणजे चाक गाडीला जिथे बसतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्डा हे सगळं चाक आणि हब यांच्यातल्या घर्षणाने पेलायचं असतं, स्टडच्या कडेवर यायचं नसतं. १२ मिलिमीटरचा कोरडा स्टड ८५ न्यूटन मीटरला (हे टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप) आवळला तर एकट्या त्या स्टडमध्ये साधारण साडेतीन टनांची ओढ तयार होते. चार स्टड धरा, चौदा टन. अजून किती हवं?

हा आकडा गाडीगणिक बदलतो आणि तो पुस्तिकेत छापलेला असतो. मारुतीच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांना ८५, टोयोटाच्या बहुतेक मोटारींना १०३, होंडाला १०८, स्कोडा-फोक्सवॅगनला १२०. मामांच्या गाडीला ८५ हवेत. आता मामांचं वजन ऐंशीच्या घरात आणि गाडीसोबत आलेला पाना साधारण ३० सेंटिमीटरचा. पान्याच्या टोकावर नुसतं उभं राहिलं तरी सुमारे २३५ न्यूटन मीटर होतात, म्हणजे हव्या त्यापेक्षा पावणेतीनपट. त्यावर मामांनी “बसला का नीट” म्हणून दोन हिसके दिले, ते वेगळेच. पाइप घालून पाना दुप्पट लांब केला असता तर आकडाही दुप्पट झाला असता. ८५ मिळवायला ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला २९ किलोंचा जोर लागतो. धडधाकट माणूस तो हाताने देतो, पायांचं तिथे कामच नाही.

आता त्यात तेल घाला. नट फिरवायला आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत घासण्यात जातो, आणि ताणायच्या कामी येतो जेमतेम दहावा हिस्सा. पुस्तिकेतला आकडा हे घासणं गृहीत धरून, कोरड्या आट्यांसाठी काढलेला असतो. तेल लावलं की घासणं कमी झालं, आणि वाचलेला जोर थेट स्टड ताणण्यात गेला. कोरड्यापेक्षा तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला तिसऱ्या हिश्शाने जास्त ताण येतो असा हिशोब आम्ही धरतो. म्हणजे तेल लावून बरोब्बर ८५ ला आवळलं तरी ते जास्तच. मामांनी तर तेल लावून २३५ चढवले. चाकाचे स्टड साधारण १०.९ ग्रेडचे असतात, चांगलं दणकट पोलाद, पण १२ मिलिमीटरचा तेलकट स्टड त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो.

हे माझं मत म्हणून घेऊ नका. माझ्या जुन्या स्कोडा रॅपिडची पुस्तिका काढा. चाकणची गाडी आहे, नटांऐवजी बोल्टची. तिथे लिहिलंय की बोल्ट स्वच्छ हवेत, सहज फिरायला हवेत, त्यांना ग्रीस किंवा तेल कधीही लावायचं नाही, आणि टॉर्क १२० न्यूटन मीटर. ज्यांनी गाडी बनवली ते ‘कधीही नाही’ म्हणतायत, आणि आपण बिननावाच्या आरटीओ साहेबांचं ऐकायचं.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. गंज खरा आहे. पुण्यात दोन पावसाळे काढलेली गाडी घ्या, चाक हबला असं चिकटतं की नट काढल्यावरही लाथ मारावी लागते. पण चिकटतो तो हबचा मधला गोल भाग, तिथे तारेच्या ब्रशने साफ करून अगदी पुसटसं ग्रीस लावलं तर चालतं. चाक हबवर जिथे सपाट टेकतं तिथे नको, आट्यांना नको, नटाच्या बुडाला तर नकोच. आटे ब्रशने झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, संपलं.

तिसऱ्या नियमात फार काही नाही. ओळीने आवळलं की चाक एका बाजूने आधी टेकतं आणि तिरकंच घट्ट होतं. समोरासमोरचे नट घ्यायचे, पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखे. जॅकवर असताना हाताने आणि हलक्या पान्याने टेकवायचे, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर, दोन फेऱ्यांत. तिरक्या आणि कमीजास्त आवळण्याने ब्रेकची डिस्कही वाकडी होते. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, लोक पॅड बदलतात, डिस्क घासून घेतात, आणि पुढच्या वेळी टायरवाला परत तसंच आवळतो.

गनचा चौथा नियम त्याच टायरवाल्यांनी लिहिला असावा असा संशय येतो. टायरच्या दुकानातली हवेवरची गन ५०० न्यूटन मीटरच्या पुढेही सहज जाते. घोडा किती वेळ दाबायचा हे पोरगा आवाजावर ठरवतो, आणि शनिवारी संध्याकाळी रांग लागली असली की जास्तच दाबतो. नट सोडायला गन उत्तम, चढवतानाही टेकेपर्यंत हरकत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच (ठरवलेला आकडा आला की ‘टक्’ वाजणारा पाना) करून मागा. ते तोंड वाकडं करतील, करू द्या. आणि ‘पुन्हा बघायची गरज नाही’ हे तर साफ खोटं. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा बघावं लागतं, कारण रंग, गंज, धूळ दबून चाक किंचित आत बसतं. सैल नटही स्टड तोडतो बरं का. चाक सूक्ष्म हलत राहतं, प्रत्येक फेरीला स्टड वाकतो आणि काही दिवसांनी थकून जातो.

टॉर्क पाना घरीच घ्यायचा असेल तर दोन-चार हजारांत कामापुरता मिळतो. ‘टक्’ वाजलं की थांबायचं. खात्रीसाठी परत परत टकटक करू नका, दर वेळी थोडं पुढे जातं. त्याने नट सोडायचा नाही, आणि ठेवताना आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा.

पाचवा नियम वाचून मी हसले, मग घाबरले. जुन्या ट्रकांना आणि काही जुन्या अमेरिकन मोटारींना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, तिथून ही दंतकथा आली. आज आपण चालवतो त्या मोटारींना चारही चाकांवर सुलटेच आटे असतात. कल्पना करा, वारज्याला पुलाखाली डावं चाक पंक्चर झालंय, हा नियम डोक्यात आहे, आणि माणूस नट सोडतोय असं समजून घड्याळाच्या दिशेने पान्यावर नाचतोय. सुटत नाही म्हणून पाइप आणतो.

फॉरवर्डमध्ये नाही, पण असायला हवं होतं असं एक सांगते. नट हरवला म्हणून नाना पेठेतून आटे जुळणारा कुठलाही आणू नका. नट किंवा बोल्ट चाकाला जिथे टेकतो तो भाग कुठे शंकूसारखा तिरका असतो (मारुती, ह्युंदाई), तर कुठे गोलाकार (होंडा, फोक्सवॅगन). गोलाकार बुडाचा बोल्ट शंकूच्या खळगीत घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क पाना टक् वाजवतो, सगळं ठीक दिसतं, आणि नट सैल होत जातो. बाहेरून अलॉय घालणाऱ्यांनी हे दुकानदाराला आधी विचारावं.

राहिला सहावा. मामांच्या गाडीला चाकाला चारच स्टड आहेत. एक गेला की उरलेल्या तिघांवर भार, आणि त्यातले शेजारचे दोन आधीच त्याच हाताने, त्याच तेलात आवळलेले. आम्ही ते काढून बघितले. दिसायला धडधाकट. पण चांगल्या स्टडवर नट बोटांनी बुडापर्यंत जायला हवा, या दोन्हींवर तो मध्येच अडकला. तिथले आटे ताणून एकमेकांपासून लांब गेले होते. असा स्टड परत वापरायचा नाही, मग तो तुटलेला नसला तरी. त्या चाकाचे चारही बदलले.

मामांचं अजून म्हणणं आहे की मालच खराब होता. तुटलेला तुकडा मी कारखान्यात नेऊन भिंगाखाली धरला. तुटल्या जागेच्या अलीकडे स्टड कमरेत बारीक झालाय, नुसत्या बोटालाही जाणवतं. ठिसूळ माल असता तर तो असा बारीक न होता कटकन तुटला असता.