युरियाप्रक्रिया केलेले काड आणि गाईचे पोट

दूधउत्पादकांच्या मोबाइलवर सध्या असा मजकूर फिरतो आहे, की युरियाप्रक्रिया केलेले गव्हाचे काड खाऊन गाय मरते, तो युरिया दुधात उतरतो, आणि काडात मुळात सत्त्वच नसल्याने ते शेतात पेटवून दिलेले बरे.

युरियाची विषबाधा खरी आहे. उघड्या पोत्यात उपाशी जनावराने तोंड घातले किंवा युरिया कालवलेले पाणी ते प्यायले, तर काही तासांत ते दगावू शकते. प्रक्रियेत मात्र युरिया तसाच राहत नाही. १०० किलो वाळल्या काडासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडतात, तुडवून दाबतात आणि प्लास्टिकच्या कागदाखाली हवाबंद करून २१ दिवस ठेवतात; तेवढ्या काळात त्यातील बहुतेक युरियाचा अमोनिया होतो आणि तो काडातील कठीण तंतू सैल करतो. ढीग उघडला की डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास येतो आणि काड तपकिरी, मऊ झालेले दिसते. लागेल तेवढे काढून तासभर पसरून ठेवावे, म्हणजे मोकळा अमोनिया उडून जातो. धोका उरतो तो माप अंदाजाने घेतल्यास, युरिया नीट न विरघळल्यास किंवा घाईने आठव्या दिवशीच ढीग उघडल्यास. सहा महिन्यांखालील वासरांना हे काड देऊच नये, कारण त्यांचे कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा, अजून तयार झालेले नसते.

दुधाचे म्हणाल, तर प्रत्येक गाईच्या दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो. भारतीय नियमांनुसार १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत तो मान्य आहे. बाहेरून मिसळलेला भेसळीचा युरिया ही वेगळी गोष्ट आहे. काडातून आलेला अमोनिया तसाच दुधात जात नाही; गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतू त्यापासून स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे तेच जंतू पचून गाईला प्रथिने मिळतात.

सत्त्वाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. साध्या काडात प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात, प्रक्रियेनंतर ती साधारण ७ ते ८ टक्क्यांवर जातात. १५ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला एवढ्यावर भागणार नाही. तिला हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण लागणारच. पण उन्हाळ्यात महागाचा कडबा विकत घेणाऱ्या दोन गाईंच्या शेतकऱ्याने स्वतःचे काड जाळणे मला पटत नाही. वासामुळे गाय पहिले पाच-सहा दिवस तोंड फिरवते, तेव्हा नेहमीच्या कुट्टीत मूठमूठ मिसळून सुरुवात करावी.