टिळकांनी पैशासाठी धर्म बदलला? खुलासा

मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक पैशाच्या लोभाने ख्रिस्ती झाले, असा एक मजकूर सध्या फॉरवर्ड होतो आहे. तो खोटा आहे.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी त्यांच्या हाती काय पडलं? घरदार तुटलं, जात गेली, जिवाभावाची माणसं दुरावली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तान्ह्या नव्हे पण अजाण मुलाला, दत्तूला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. नवराबायकोची ही ताटातूट काही वर्षं चालली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी तो काळ जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. तो वाचून कुणी म्हणावं, की हा सौदा फायद्याचा होता!

पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा पगार टिळकांना मिळत होता, हे खरं आहे आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. ते शिकवत, उपदेश करत, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकासाठी लिहीत. तो कामाचा मोबदला होता. फॉरवर्ड करणारे नेमकं पुढचं गाळतात. 1917 मध्ये टिळकांनी हा पगार स्वतःहून सोडला. वय पंचावन्नच्या घरात, संसार अंगावर. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिला कसर आणि जंग खातात, हे येशूचं डोंगरावरचं वचन त्यांनी शब्दशः घेतलं होतं.

9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले. पगार सोडून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.