स्लॉट ओपन दिसत होता म्हणे!

कॅलेंडर रिकामं दिसलं म्हणजे माणूस रिकामा असतो काय बे?

पुण्याची टीम, बंगलोरची टीम, दिल्लीची टीम अन् आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, शेतकऱ्यांसोबत काम करणारे फील्डवाले. मीटिंग ठरवायची म्हटली की तिकडं तिघांची खलबतं चालतात. पुण्याला मंगळवार नको, बंगलोरवाले ट्रॅफिकमुळे साडेदहाच्या आत पोचत नाहीत, दिल्लीला चारनंतर दुसरा कॉल. मग 'सगळ्यांच्या सोयीची' वेळ निघते, सकाळी अकरा. आम्हाला विचारलं काय? छे! "तुमचा स्लॉट ओपन दिसत होता ना सर."

दिसणारच ना भाऊ! कपाशीवरच्या बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे पाहायला कोणाच्या वावरात जायचं, हे काय मी कॅलेंडरात भरत बसू?

बरं, ठरली ती वेळ तरी पाळा. दहा पन्नासला मेसेज येतो, 'दुपारी तीनला घेऊ या'. तुमचं काय, एक क्लिक. इकडं मंदिराच्या ओट्यावर बायाबापडे रोज पाडून बसलेले असतात, तुमच्याशी बोलायचं म्हणून. त्या दिवसाची मजुरी कोण देणार त्यांना? शिव्या मला, चहा माझ्या खिशातून.

वरून फर्मान, शेतकऱ्यांनाही कॉलवर घ्या. घेतो की! पण आमच्या फीडरची शेतीपंपाची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे घरी येतो. त्याला सकाळी कॅमेरा ऑन करायला लावता, अन् तो पेंगला की "एंगेजमेंट कमी आहे" म्हणता. रेंजचं तर बोलतच नाही.

निधी देणारे न्यूयॉर्कचे. त्यांचा कॉल तिथल्या सकाळी साडेनऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ तासभर मागं घेतात, की आमचे आठ वाजतात. वेचणीचा ऐन हंगाम, बाया दिवसभर कापूस वेचून आलेल्या, चुलीवर भाकर. त्यातल्या गटाच्या अध्यक्षबाईंना म्हणायचं, ताई, जरा कॉलवर या. घड्याळ त्यांचं हललं, तर वेळही त्यांनीच हलवावी ना! आम्ही कोणाला सांगायला गेलो होतो घड्याळ फिरवा म्हणून?

अन् पोळा! श्रावणातली अमावस्या काही अचानक उगवत नाही, पंचांगात छापलेली असते. तरी यंदा त्याच दिवशी दुपारी चारला तिमाही आढावा. गावात बैल तोरणाखाली उभे, अन् मी कानात वायर खुपसून स्लाईड पाहू? आठवडाभर आधी ग्रुपवर लिहिलं होतं, पोळा आहे, येता येणार नाही. त्यावर पुण्याच्या मॅनेजरबाईंनी 'ठीक आहे'वाला अंगठ्याचा इमोजीही टाकला. मग मीटिंगच्या मिनिट्समध्ये काय यावं? 'फील्ड टीम अनुपस्थित, पूर्वकल्पना नाही.' पूर्वकल्पना नाही! तुमचा तो अंगठा काय होता मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघाली, गावाची इडापिडा घेऊन जाणारी बाहुली. पोट्टे ओरडत होते, रोगराई घेऊन जाय गे मारबत. मीही घसा फाडून ओरडलो, पुण्याचा स्लॉट घेऊन जाय गे मारबत!