‘गटकार्य म्हणजे टाइमपास’? आधी गटाला दिलेलं काम तपासा

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: गटात हुशार मुलं राबतात, बाकीची फुकटचे गुण घेतात. पन्नास मुलांच्या वर्गात हे जमतच नाही. नुसता गोंगाट होतो, अबोल मुलं आणखी मागे पडतात, पोर्शन राहतो. तेव्हा संवाद-सहकार्याचं खूळ सोडा, खडू-फळा बरा.

यातलं बरंचसं वर्गात खरोखर दिसतं. मात्र ते का घडतं, याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

‘हुशार मुलंच काम करतात’

आठ जणांच्या गटाला एक चार्ट पेपर आणि एक स्केचपेन दिलं की दुसरं काय होणार? ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, एक जण सांगतो, सहा जण बघतात. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेली मोजमापं १९१३ साली प्रसिद्ध झाली. माणसं वाढली की दर माणशी जोर कमी पडतो, असं त्यांत दिसलं. म्हणजे हा दोष मुलांच्या आळसाचा नाही. एकाला जमण्यासारखं काम आठ जणांत वाटल्याचा आहे.

उपाय तीन. गट चौघांचाच करा. प्रत्येकाला १ ते ४ नंबर द्या आणि उत्तर कोण सांगणार ते आधी जाहीर करू नका. चर्चा थांबल्यावर ‘३ नंबर उभे राहा’ म्हणा. म्हणजे चौघांनाही उत्तर समजून घ्यावं लागतं, आणि हुशार मुलाला ते इतरांना समजावून द्यावं लागतं. तिसरं, गुण गटाला देऊ नका. शेवटी पाच प्रश्नांची चाचणी ज्याची त्याने सोडवायची.

‘पन्नास मुलांत अशक्य’

इथे जिगसॉ पद्धतीचं उदाहरण घेऊ. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाकडे एकच तुकडा द्यायचा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचं भागत नाही.

समजा सातवीचा वर्ग आहे, मुलं ५०, दोघांचे बाक २५, विषय महाराष्ट्रातली पिकं. चार कार्डं करा: भात, ज्वारी, कापूस, ऊस. प्रत्येकावर आठ-दहा ओळी: पाऊस किती, जमीन कशी, पीक शेतात किती महिने. आठ बाकांची, म्हणजे १६ मुलांची एक पट्टी धरा. अशा तीन पट्ट्या होतात. उरलेली दोन मुलं कुणाशी तरी नंबर वाटून घेतात (वाचनात अडखळणाऱ्या मुलाला असा जोडीदार दिला तर उत्तमच).

पट्टीतले पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळले की चौघांचा गट तयार. प्रत्येक गटाला एक पीक. हे झाले तज्ज्ञ गट. दहा मिनिटांनी पट्टीतले सगळे १ नंबर भाताच्या बाकांवर, २ नंबर ज्वारीच्या, ३ कापसाच्या, ४ उसाच्या. आता प्रत्येक नव्या गटात चारही पिकांचा एकेक जाणकार आहे. मूळ पद्धतीत मुलं दोनदा हलतात, इथे एकदाच, आणि तीही आपल्या पट्टीतच.

चाळीस मिनिटांची तासिका अशी बसते: सूचना ४, तज्ज्ञ गट १०, जागाबदल ३, प्रत्येकी ३ प्रमाणे शिकवणं १२, एकत्र प्रश्न ५, चाचणी ५. एक मिनिट हाताशी उरतं.

फसतं ते दोन ठिकाणी. मुलं कार्ड नुसतं वाचून दाखवतात. म्हणून जागाबदलाआधी कार्डं काढून घ्या, चिठ्ठीवर पाचच शब्द नेऊ द्या. दुसरं, तज्ज्ञ गटाने चुकीचं समजून घेतलं तर ती चूक चार गटांत पोचते. म्हणून कार्डाच्या मागे तीन तपासणी-प्रश्न उत्तरांसकट छापा.

एकत्र प्रश्न असा असावा: ‘काळी जमीन, पाऊस ६०० मिलिमीटर, विहीर फेब्रुवारीतच आटते. काय पेराल?’ भात आणि ऊस लगेच बाद होतात, पण ज्वारी की कापूस यावर जुंपते. जुंपू द्या. ‘कापसाची माहिती लिहा’ असा प्रश्न दिलात तर गटाची गरजच संपते.

‘नुसता गोंगाट’

आवाज होणारच. तो हाताबाहेर जातो बहुधा शेवटच्या दोन मिनिटांत, लवकर आटोपलेले गट रिकामे बसतात तेव्हा. फळ्यावर एक जादा प्रश्न आधीच लिहून ठेवा. आणि थांबण्याची खूण ठरवा: शिक्षकाचा हात वर गेला की बघणाऱ्याने आपला हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. ‘शांत बसा’ असं ओरडल्याने गोंगाटात एका आवाजाची भर पडते, एवढंच.

‘अबोल मुलं मागे पडतात’

आणि खडू-फळ्याच्या तासाला ती बोलतात का? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक. त्यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आधी एक मिनिट वहीत लिहू द्या, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या. नंतर विचारा, ‘तुझ्या जोडीदाराचं म्हणणं काय?’ दुसऱ्याचं मत सांगताना स्वतःचं चुकण्याची धास्ती नसते, आणि ऐकलं की नाही तेही कळतं.

‘पोर्शन राहतो’

प्रत्येक धडा असा घ्या, असं म्हणतंय कोण? भागाकाराची रीत गटाला ‘शोधून काढा’ म्हणणं ही वेळेची नासाडीच आहे, ती फळ्यावरच शिकवावी. सरळ चार तुकडे पडतात असे धडे निवडा. पंधरवड्यात एक पुरे. लिहून-बोलून घेण्याची तीन मिनिटं मात्र रोजच्या कुठल्याही तासाला निघतात.