ढग जागचा हलत नाही तेव्हा

मुंबईतल्या अतिवृष्टीवरच्या तुमच्या लेखात दिवसभराच्या पावसाचे आकडे आहेत, पण ढग किती सावकाश सरकतोय, म्हणजे एकाच भागावर किती वेळ कोसळतोय, हे कुठेच नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला जेमतेम ७३! शहर एकच. आम्ही तेव्हा कुर्ल्यात तळमजल्यावर राहायचो. पाणी दारातून नव्हे, आधी मोरीतून बुडबुडत वर आलं. आईने पिठाचा डबा माळ्यावर टाकेपर्यंत गुडघ्याला लागलं. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राखाली जातात, मग पाणी जाणार कुठे? म्हणून ‘मुंबईत अतिवृष्टी’ एवढा इशारा पुरत नाही. कोणता भाग, पुढचे दोन तास कसे, भरती किती वाजता, हे मोबाईलवर आलंच पाहिजे. तळमजल्यावर म्हातारी माणसं एकटी असतात हो.