पहिला स्मार्टफोन घेताय? आधी दुकानदाराला विचारा, त्याला काय हवंय

तुमच्या घरात कुणी पहिल्यांदाच टचचा मोबाईल घेणार असेल तर सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. तुमचं नाही हो, मोबाईल शॉपीवाल्याचं. मी गेल्या गुरुवारी आत्याला घेऊन कराडला जाऊन आलो, अडीच तास काउंटरला कोपर टेकून उभा होतो, त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास एकदम ताजा आहे आणि डोकंही अजून तापलेलंच आहे. म्हटलं थंड व्हायच्या आत चार टिपा लिहून टाकाव्यात, नवशिक्यांच्या उपयोगी पडतील.

तर टिप पहिली: दुकानात गेल्यावर आपली गरज सांगू नका. आमच्या आत्यानं दिवाळीत पहिल्या फेरीला हीच चूक केली. ती म्हणाली, "बाळा, नातवाचं तोंड दिसलं पाहिजे आणि बोललेलं मोठ्यानं ऐकू आलं पाहिजे." झालं, एवढंच. यावर त्या बाळानं तिच्यापुढं जो फोन ठेवला त्यात पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा, मागं तीन भिंगं (त्यातली दोन शोभेची, दोन-दोन मेगापिक्सेलवाली), गेम खेळायला खास प्रोसेसर आणि रॅम (म्हणजे कामं चालू असताना फोन वापरतो ती मेमरी) किती, तर "आठ अधिक आठ". हे अधिक आठ म्हणजे काय असतं माहितीय का, फोनच्याच स्टोरेजमधला तुकडा उसना घ्यायचा आणि त्याला रॅम म्हणायचं. माजघरातली खाट ओसरीवर आणून टाकायची आणि घराला एक खोली वाढली म्हणून गावभर सांगायचं, तसलं. वर फाईव्ह जी. "फ्युचर प्रूफ आहे मावशी!" आमचं गाव पाटणच्या वर डोंगरात. रेंज देवळाच्या पारावर येते, तीपण एक दांडी, तीपण ढग नसले तर. आमच्याकडे फ्युचर अजून मुक्कामी एसटीनं येतं.

आवाज मोठा आहे का ते मात्र कुणी वाजवून दाखवलं नाही.

टिप दुसरी: डब्यात चार्जर नसला तर विचारू नका, पर्यावरणासाठी काढलाय. तो वेगळा विकत घेतला की पर्यावरणाला चालतं.

टिप तिसरी: टेम्पर ग्लास, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची काच, कायम अकरा डी चीच घ्यावी, डी म्हणजे मिती. आपण बिचारे तीन मितींत राहतो, शास्त्रज्ञांनी फार डोकं लावून चौथी शोधली, बाकीच्या सात कराडच्या स्टँडजवळ साडेतीनशे रुपयांत बसवून मिळतात. ज्या पोरानं ती बसवली त्याच्या स्वतःच्या मोबाईलची काच आडवी-उभी तडकलेली होती, त्यावर चिकटपट्टी.

टिप चौथी: रोख पैसे नेले असतील तर ते खिशातच ठेवा आणि झीरो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते करा. दुकानदाराला रोख आवडत नाही, पाकीट काढलं की त्याचा चेहरा पडतो. हे झीरो टक्के व्याज वगैरे असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीच्या पोटात लपवून तुमच्याकडूनच घेतलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलंय. पण रिझर्व्ह बँकेला काय कळतंय, ती कधी दिवाळी ऑफरला कराडात आली होती?

टिप पाचवी: जीमेल दुकानातल्या पोरालाच काढू द्या. पासवर्ड तोच ठेवतो, तोच विसरतो.

आता प्लॅन. इथं जरा सावरून बसा.

प्लॅन घ्यायचा तर अठ्ठावीस दिवसांचाच घ्यावा. महिना किती दिवसांचा हे आपण उगाच शाळेत मुठीवरची हाडं मोजून शिकलो. अठ्ठावीस गुणिले तेरा, तीनशे चौसष्ट. म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या वर्षाला महिने तेरा. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांतनं एकदा येतो, यांच्या पंचांगात दरवर्षी. आणि धोंड्याचा महिना म्हटलं की जावयाला बोलवायचं, अनारसे करायचे, ताटात काहीतरी घालून द्यायचं. इथं जावई कोण ते सांगायला नको, दरवर्षी ताट घेऊन दारात उभा आणि कधी एकदा "आता नको" म्हणाला असं झालेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं (मोबाईल कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था) फर्मावलं की प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवलाच पाहिजे. ठेवला ना. पंगतीत पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढतात तेवढा ठेवला, शोधून दाखवा.

आणि रिचार्ज संपला की काय होतं ते आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणतिसाव्या दिवशी फोन लागेना. तिला वाटलं मोबाईलच बिघडला, तेरा हजाराचा मोबाईल महिन्यात बिघडला म्हणून बाई रात्रभर झोपली नाही, सकाळच्या गाडीनं कराड. त्यानं "बिघडला नाय मावशी, बॅलन्स संपलाय" म्हणत पुन्हा अठ्ठावीसचाच मारून दिला. येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, मग थोड्या दिवसांनी येणारे फोनपण बंद, नातू तिकडनं लावतोय, स्विच ऑफ सांगतंय, आम्ही सगळे गॅसवर, म्हणून गुरुवारची माझी ती फेरी. १९९५ साली मोबाईल आपल्याकडं आला तेव्हा आलेल्या फोनलासुद्धा मिनिटाला पैसे पडायचे, २००३ साली इनकमिंग फुकट झालं तर लोकांना काय आनंद झाला होता, मग लाइफटाईमची कार्डं आली, आणि २०१८ संपता संपता काही कंपन्यांनी ठरवलं की दर महिन्याला थोडं तरी टाका, नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मागनं येणारेही बंद. आमच्या मामांनी (आत्याचे यजमान) ते लाइफटाईमचं पाकीट सातबाऱ्याबरोबर ट्रंकेत जपून ठेवलंय. मामा ठणठणीत आहेत, लाइफटाईम वारलं.

आणि आता मामांचाच मोबाईल घ्या. मामांकडं बटणाचा फोन आहे. त्यात बॅटरी आहे, तिच्या उजेडात ते रात्री गोठ्यात जातात, त्यात सापाचा गेम आहे जो त्यांनी कधी उघडला नाही, आणि पाचाचं बटण इतकं झिजलंय की आकडा दिसत नाही. त्यात इंटरनेट चालत नाही. चालणारच नाही, तो फोनच तसा नाही. गुरुवारी मी सहज विचारलं की यांच्या नंबरवर काय मारलंय, तर पोरगा म्हणाला, "रोज दोन जीबी, अनलिमिटेड."

रोज दोन जीबी. बटणाच्या फोनवर.

मी तिथंच काउंटरवर बिलाच्या मागं हिशेब केला. अठ्ठावीस दिवसांचे छप्पन्न जीबी, तेरा वेळा मारलं की वर्षाला सातशे अठ्ठावीस जीबी. मामा रोज रात्री साडेआठला झोपतात आणि बाराच्या ठोक्याला त्यांच्या उशाशी दोन जीबी न वापरता विसर्जित होतात, वाजतगाजत नाही, गुपचूप. साडेतीनशेच्या आसपासचा एक, असे तेरा, म्हणजे साडेचार हजार रुपये, आणि त्यातनं मामा काय करतात तर सोसायटीच्या सेक्रेटरीला "दुधाचा हप्ता जमा झाला का" एवढं विचारतात.

मी म्हटलं, नुसता बोलायचा प्लॅन दे. तर म्हणाला, "सर, तसा प्लॅनच नाही." अरे, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियमच काढलाय, नेट नको असेल त्याच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायलाच पाहिजे, आणि आधी असल्या पॅकला नव्वद दिवसांची मर्यादा होती ती तीनशे पासष्टपर्यंत वाढवली. पुढच्याच जानेवारीत कंपन्यांनी ते काढलेपण. मी माझ्या मोबाईलवर कंपनीचीच साईट उघडून त्याच्या नाकासमोर धरली, खाली, अजून खाली, क्रिकेटचे पॅक, सिनेमाचे पॅक, परदेशात जायचे पॅक, आणि सगळ्यात तळाला, देव्हाऱ्याच्या मागं झुरळ बसतं तसा तो बसलेला. वर्षाचा. अठराशेच्या घरात. पोरगा म्हणाला, "हां, हा होय. हा कुणी मारत नाही सर." कुणी मारत नाही कारण तू सांगत नाहीस की बाबा! "आमच्या सिस्टीमला पटकन दिसत नाही." दोन जीबीवाला बरा पटकन दिसतो. "आणि सर, काकांना उद्या नेट लागलं तर?" काकांना अठ्ठ्याहत्तर वर्षांत लागलं नाही, आणि त्या डबड्याला लागून उपयोग काय, सापाला दाखवायचंय का नेट?

असो. टिपा चालू होत्या. कितवी होती, सहावी धरू.

टिप सहावी: रेंज दुकानात फुल येते, त्यामुळे घरात येते का ते शेजाऱ्याला विचारायच्या भानगडीत पडू नका. पटलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पोर्ट लिहून स्पेस देऊन नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा, पण हे कुणाला सांगू नका, दुकानदाराचं मन दुखतं.

टिप सातवी: अंगठा मागेल तितक्यांदा द्या.

दिवाळीत नवं सिम काढताना आत्याचा अंगठा घेतला. उमटेना. आयुष्यभर भाकरी थापल्यात, भाताची लावणी केलीय, त्या अंगठ्यावर रेषा कुठनं राहणार. तो पोरगा म्हणे चारचौघांत ओरडला, "मावशी, नीट दाबा ना, गर्दी झालीय मागं," आणि आत्या पदरानं अंगठा पुसतेय, परत ठेवतेय, परत पुसतेय, आपलंच काहीतरी चुकलंय असं तोंड करून. मग उमटला. मग म्हणाला, "एरर आला, परत एकदा." परत दिला. हे तिनं मला गुरुवारी येताना गाडीत सांगितलं, हसत हसत, स्वतःची फजिती म्हणून. मला काही हसू आलं नाही. घरी पोचल्यावर सरकारच्या संचार साथी या साईटवर तिचा नंबर टाकला, ओटीपी दिला. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथं दिसतं, एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. आत्याकडं सिम एक. तिच्या नावावर नंबर दोन.

तो दुसरा नंबर कोण वापरतंय, कशाला वापरतंय, त्यावरनं कुणाला गंडवतंय, देवाला माहीत. "हा माझा नंबर नाही" तिथं नोंदवलंय. पण उद्या पोलिस आले तर पारावर बसणाऱ्या, सत्तरीला आलेल्या बाईला विचारणार की तुमच्या नावाचं सिम आहे.

जाऊ दे, मला आता या टिपाबिपा जमत नाहीत. अरे, लाज वाटू द्या जरा. तुमच्या दुकानात म्हातारी बाई येते, कनवटीला बांधलेले पैसे सोडून काउंटरवर ठेवते, तुम्हाला बाळा म्हणते, आणि तुम्ही तिला सगळ्यात महाग कुठलं खपतंय एवढंच बघता? तुला टार्गेट आहे, कबूल, पगार किती तेही मला माहितीय, तुझ्या फुटक्या काचेवरनं दिसतंय. पण टार्गेट बटणाच्या फोनवर दोन जीबी मारून पुरं करायचं? आणि कंपन्यांनो, नियम आला की तो पाळल्यासारखा दाखवायचा आणि माणसाला सापडणार नाही असा ठेवायचा, यासाठी तुमच्याकडं वेगळा माणूस पगारावर आहे का?

आणि आपण. स्वतःला फोन घ्यायचा असला की तीन आठवडे व्हिडिओ बघतो, हा की तो, याची बॅटरी त्याचा कॅमेरा, ग्रुपवर भांडतो. आईचा, आत्याचा फोन घ्यायचा असला की "जा की कुणाला तरी घेऊन, मला मीटिंग आहे." हे वाक्य दिवाळीत मीच म्हटलंय. मीटिंग कसली होती तेही आता आठवत नाही. ती गेली शेजारच्या पोराला घेऊन. मी गेलो असतो तर अर्धा तास लागला असता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन हातात घ्यायचा, कुठला प्लॅन आहे बघायचा, कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, अंगठा देताना बाजूला उभं राहायचं. हे पण जमत नसेल तर मदर्स डेला फोटो टाकू नका.

मामांचा वर्षाचा प्लॅन शेवटी मीच माझ्या मोबाईलवरनं मारला. दोन मिनिटं लागली. मामांना समजावून सांगितलं की आता नेट नाही, नुसतं बोलणं, पण वर्षभर बघायला नको. ते ओसरीवर तंबाखू मळत ऐकत होते. मग म्हणाले, "बरं झालं. पण मग एवढ्या दिसाचं ते उरल्यालं नेट कुटं गेलं म्हनायचं?"

सांगा आता, काय सांगू त्यांना.