पैनगंगेच्या पुलावरचा न दिसणारा नाका

आमच्या गावाहून तेलंगणातलं आदिलाबाद तीसेक किलोमीटर आहे आणि यवतमाळ त्याच्या दुपटीहून लांब. निम्म्या सोयरिकी पलीकडच्या. आजारी पडलं की डॉक्टर पलीकडचा. मधात फक्त पैनगंगा, आणि तीही उन्हाळ्यात गुडघ्याइतकी. तरी मी गेली अकरा वर्षं पंज्या, पेरणी यंत्रं, डवरे, वखर अशी शेतीची अवजारं बनवतो आणि त्यातला बहुतेक माल यवतमाळ-वर्ध्याकडे विकतो. पलीकडे गिऱ्हाईक नाही असं नाही. पण नदी ओलांडायची म्हटलं की कागदच जास्त लागतात.

परवा तालुक्याला एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले, "आता देशात एकच बाजार, एकच कर. कुठूनही उचला, कुठंही विका." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात तेच फिरत होतं, म्हणून हे लिहायला बसलो. लांब होणार आहे. कंटाळा आला तर चहा घेऊन या.

आमचे आबाजी पलीकडच्या मुलखाला शेवटपर्यंत 'मोगलाई'च म्हणत. त्यांच्या जवानीत ते निजामाचं राज्य होतं आणि त्याचं स्वतःचं करोडगिरी खातं होतं. म्हणजे परदेशातून माल आणावा तसा इकडून तिकडं जाणाऱ्या मालावर कर. मीठ, कापड, लोखंडाची पास, सगळं उघडून दाखवायचं. आबाजी सांगत की नाक्यावरचा माणूस खाचरातल्या कडब्यात हात घालून बघायचा. ते राज्य गेलं. मग आली नगरपालिकेची जकात. ती मी स्वतः पाहिली आहे. बाबांसोबत लोखंडाच्या पट्ट्या आणायला गेलो की गावाच्या तोंडाशी आडवा बांबू, टिनाची खोली, आत टेबलावर पावतीपुस्तक आणि त्यावर दगड ठेवलेला. माझ्या आठवणीत बाबांचा चेहरा त्या बांबूपाशी आला की बदलायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. महापालिकांत आधी जकात, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर असं चालत राहिलं आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही उठली.

ते बरंच झालं, हे आधीच सांगून टाकतो. जीएसटीच्या नावानं बोटं मोडायला मी ही पोस्ट लिहीत नाही. आधी पलीकडे माल न्यायचा तर केंद्राचा विक्रीकर, सी फॉर्म, दोन्हीकडचे चेकपोस्ट, ट्रकांची रांग. आता पुलावर कोणी उभं नाही. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, फोनवर निघतं, गाडीवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर जातं आणि गाडी सुटते. चांगलं चालतं तेव्हा खरंच दहा मिनिटांचं काम आहे.

पण हिशोब बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल न्यायचा तर एक लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही. म्हणजे ९० हजारांची दोन पेरणी यंत्रं मी इथून थेट नाशिकला पाठवली, पाचशेच्या वर किलोमीटर, तर फक्त बिल पुरतं. तीच दोन यंत्रं पुलापलीकडच्या पहिल्या गावात द्यायची तर ई-वे बिल लागतं, कारण राज्याबाहेर मर्यादा ५० हजारांची. अंतराचा काही संबंध नाही, मधात रेघ आहे एवढंच.

हे तरी परवडलं. आमच्याकडे लोहारकाम, वेल्डिंग करणारे दहा-बारा जण आहेत, त्यांचं बघा. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र मालाचा एक नग राज्याबाहेर विकला की नोंदणी सक्तीची, उलाढाल दोन लाख का असेना. कंपोझिशन, म्हणजे लहान धंदेवाल्यांची ठोक कराची योजना, घ्यावी, एक टक्का भरून मोकळं व्हावं म्हटलं, तर कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकायचीच मनाई आहे. पुण्यातल्या दुकानदाराला हा नियम बोचत नसेल. त्याच्या दुकानापासून राज्याची हद्द किती तरी लांब. आमच्या शेजारचा वेल्डर दुकानाच्या शटरमधून पलीकडचं राज्य बघतो, पण तिथल्या गिऱ्हाइकाला ट्रॉलीचं फाटक करून देऊ शकत नाही. देतो, अर्थात. बिलाशिवाय देतो. म्हणजे कायद्यानं एका सरळ माणसाला चोरटं करून ठेवलं आहे.

आता २०२५ च्या जूनमधली माझी गोष्ट. मृगाचा पाऊस तोंडावर होता. पलीकडच्या एका दुकानदारानं चार पेरणी यंत्रं आणि आठ डवरे मागितले. यंत्रं ४५ हजाराला एक, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. ट्रॅक्टरच्या अवजारांना तेव्हा १२ टक्के होते (२२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले, ते चांगलं केलं). डवरे बैलाचे, त्यांना कर शून्य. म्हणून बिलं दोन, आणि ई-वे बिल फक्त यंत्रांचं, कारण करमाफ मालाला ते लागतच नाही.

सकाळी ठरलेल्या ४०७ चा, म्हणजे छोट्या ट्रकचा, क्लच गेला. मालकानं दुसरी गाडी पाठवली, म्हणजे ई-वे बिलात नवा नंबर टाकणं आलं. पोर्टल उघडलं तर ओटीपी. १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी आहे. फर्म बायकोच्या नावानं, मोबाइल तिचा, आणि ती शेतात. आमच्या शेतात नेटवर्क एकाच जागी येतं, विहिरीजवळच्या बाभळीखाली. पोरगा सायकलवर गेला, ओटीपी फोनवर सांगितला, तोवर त्याची वेळ संपली. दुसरा मागवला. गाडीवाला हॉर्न देतोय, आभाळ भरून आलंय, आणि मी घाईत ८ च्या जागी ३ दाबला.

साडेदहाला ड्रायव्हरचा फोन. "भाऊ, गाडी उभी केली जी. नंबर जमत नाई म्हणते."

नदीच्या कोणत्या बाजूला, कोणाचं कराचं फिरतं पथक, ते मी लिहीत नाही. विषय माणसाचा नाही. मी मोटारसायकलनं पोचलो तेव्हा साहेब गाडीवर चढून डवरा हलवून बघत होते. "ये ट्रॅक्टर का नहीं है?" मी म्हटलं, साहेब, ही दांडी बघा, इथून दोर जातो आणि तो जुवाला बांधतात. बैल लागतात याला. त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण डवरा त्यांनी खाली ठेवला. मग ड्रायव्हरचा जबाब. त्याचा छापील नमुना आहे, एमओव्ही-०१ म्हणतात त्याला, आणि तो इंग्रजीत. पोरगा बारावी झालेला, पण त्यानं काय लिहून दिलं ते त्याला आजही ठाऊक नाही. सही मात्र झोकात केली.

हिशोब सांगितला तो असा. कर २१,६००, दंड त्याच्या दुप्पट, ४३,२००. भरा आणि गाडी न्या. किंवा "समजून घ्या". माझ्या हातून एक आकडा चुकला होता. बिल खरं, माल खरा, कर भरणारा मी समोर उभा, गिऱ्हाईक फोनवर.

मी दुपारभर गाडीच्या सावलीत बसून होतो. आमच्या रिटर्न भरणाऱ्या पोरानं संध्याकाळी एक कागद पाठवला. १४ सप्टेंबर २०१८ चं केंद्राचं परिपत्रक, क्रमांक ६४/३८/२०१८. त्यात स्पष्ट आहे. नावाच्या स्पेलिंगची चूक, पिनकोडची चूक, बिलाच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा, गाडीच्या नंबरातला एक किंवा दोन आकडे, अशा चुकांसाठी माल अडवून हा मोठा दंड लावायचा नाही. राज्यातल्या राज्यात ५०० अधिक ५००, राज्याबाहेर १,०००. झालं. सात वर्षं जुना कागद! मी अकरा वर्षं धंदा करतो, मला माहीत नव्हता. रस्त्यावर त्या दिवशी ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता, किंवा माहीत असल्याचं कोणी दाखवलं नाही.

आणखी एक नियम आहे. गाडी अर्ध्या तासाहून जास्त अडवली तर वाहतूकदाराला पोर्टलवर तक्रार टाकता येते, ईडब्ल्यूबी-०४ नावाचा फॉर्म. वाचून मला हसू आलं. माझा वाहतूकदार म्हणजे दोन गाड्यांचा मालक, पोर्टलवर त्याचं खातंच नाही. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी असणार, आमची ४०७ नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला १,००० रुपये भरून गाडी सुटली. परिपत्रकाची प्रिंट दाखवल्यावर साहेबांनी नीट वाचली आणि नियमानं केलं, हेही सांगायला पाहिजे. पण रात्री पाऊस पडून गेला होता. दुकानदाराची दोन गिऱ्हाइकं थांबली नाहीत, त्यांनी दुसरीकडून यंत्रं उचलली. दोन यंत्रं परत आली आणि परत येताना त्यांना पुन्हा ई-वे बिल. गाडीचा खोळंबा दोन हजार, तो वेगळा. पेरणी यंत्र जूनच्या पंधरवड्यात विकलं तर विकलं, नाहीतर पुढच्या मृगापर्यंत ते शेडमध्ये ताडपत्रीखाली. माझी दोन तिथंच राहिली.

कोणी म्हणेल, चूक तुझीच. होय, माझीच. आणि धंदेवाले सगळे साळसूद नसतात हेही मला माहीत आहे. एकाच बिलावर चार खेपा मारणारे मी पाहिलेत. ५० हजारांच्या आत बसावं म्हणून बिलं फोडणारेही पाहिलेत आणि (लपवून काय करू) एकदा मीही फोडलं आहे. बोगस फर्मा काढून कागदोपत्रीच माल फिरवणारे तर वेगळेच. तपासणी पाहिजे. पण कागदावर माल फिरवणाऱ्याची गाडी रस्त्यावर नसतेच. रस्त्यावर सापडतो तो खरा माल नेणारा.

वरुडला माझा साळा संत्र्याचा व्यापार करतो. तो म्हणतो, तुमचं बरं आहे भाटवे, नदीवर कर तरी नाही. खरं आहे. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क २०१९ ते २०२३ या काळात चौपटीहून वर नेलं. तिथं सीमेवरचे कागद कितीही सोपे करा, माल महागच पडणार. त्याचं दुखणं कराचं आहे, माझं कागदाचं. दोन्ही एकाच औषधानं बरी होत नाहीत, आणि भाषणात नेमकी तीच गल्लत होते.

आणि सोपं करायचं मनावर घेतलं तर किती लवकर होतं, ते यवतमाळ जिल्ह्यानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ तारखेपासून उठलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा कापूस घरात यायच्या दिवसांत बाहेरच्या गाठींना मोकळी वाट. त्यावर मी इथं बोलत नाही, तो वेगळा जाळ आहे. माझं म्हणणं एवढंच की समुद्रापलीकडच्या गाठीसाठी फाटक उघडायला एक अधिसूचना पुरते.

मग आमच्या नदीसाठी का नाही? लागून असलेल्या जिल्ह्यांत माल जात असेल तर राज्यातलीच एक लाखाची मर्यादा धरा. कंपोझिशनवाल्याला आणि ४० लाखांच्या आतल्याला शेजारच्या जिल्ह्यात विकू द्या. हे काही जगावेगळं मागणं नाही. ठरावीक हस्तकलेच्या वस्तू बनवणाऱ्यांना राज्याबाहेर विकताना नोंदणीतून सूट आहेच. वेल्डिंग केलेलं फाटक हातानंच बनतं, फक्त त्याला कोणी कला म्हणत नाही. आणि आकडा चुकला तर अधिकाऱ्यासमोर, तिथंच, अर्ध्या तासात दुरुस्त करायची मुभा द्या. बाकी राहू द्या.

यंदा मी त्या परिपत्रकातल्या चुकांची यादी मराठीत लिहून काढली, लॅमिनेट केली आणि ४०७ च्या सनशेडला लावली. खाली मूळ इंग्रजी कागद जोडला. ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, हे तिकडच्या लोकायले कायले समजीन?" बरोबर बोलला. माझं तेलुगु बोलण्यापुरतं, लिहिता येत नाही. कोणाला चांगलं तेलुगु लिहिता येत असेल तर पानभराचा मजकूर आहे, इनबॉक्स करा. एक डवरा माझ्याकडून. बैल नसतील तर सायकलचं कोळपं देतो.